‘घरबसल्या’ या शब्दाला माझी हरकत आहे

आजकाल शिक्षणाची कोणतीही जाहिरात घ्या, तिच्यात एक शब्द हमखास सापडतो : घरबसल्या. घरबसल्या इंग्रजी शिका. घरबसल्या कॉम्प्युटर कोर्स करा. घरबसल्या पदवी, घरबसल्या सर्टिफिकेट, घरबसल्या स्पर्धा परीक्षेची तयारी. शब्द मोठा गोड आहे. एसटीच्या पासचा खर्च नाही, पावसापाण्यातली धावपळ नाही, पाऊल न उचलता इल्म दारात हजर.

पण मराठीत या शब्दाचे एक सख्खे भावंड आहे. मुलीचे शिक्षण मध्येच थांबवले की लोक म्हणतात, ‘तिला घरी बसवलं.’ नोकरीवरून काढलेल्या माणसालाही घरी बसवतात. ‘घरबसल्या’ शिकणे आणि ‘घरी बसवणे’ यांत भाषेच्या दृष्टीने मोठे अंतर असेल. आमच्या मोहल्ल्यात ते झपाट्याने कमी होत चालले आहे. मला आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. इंटरनेटवरचे खुले अभ्यासक्रम शाळा-कॉलेजच्या जोडीला आले तर ती आपल्या काळाची मोठी देणगी आहे. शाळा-कॉलेजच्या जागी आले तर ती आपली बोळवण आहे. आणि सध्या आपल्या मुलींची, त्यातही गरीब घरच्या मुलींची, अशी बोळवण चालू आहे. ती सरकार करते आहे आणि आपणही करतो आहोत.

आधी देणगीबद्दल बोलू. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केले. ज्या प्राध्यापकांच्या वर्गात बसण्यासाठी लाखो मुले प्रवेश परीक्षेत घाम गाळतात, त्यांची व्याख्याने कोणालाही फुकट पाहता येऊ लागली. २०१७ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘दीक्षा’ आले. बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तके मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने उर्दूतून शेकडो पाठ यूट्यूबवर टाकले आहेत. मी बीएड करत असताना एका संदर्भग्रंथासाठी लायब्ररीत आठ-आठ दिवस नंबर लावावा लागे. त्या काळातून आलेल्या माणसाला ही किमया वाटली नाही तरच नवल.

म्हणून आमच्यातले जे बुजुर्ग मोबाइलला ‘फितना’ म्हणून मोकळे होतात, त्यांच्याशी माझे पटत नाही. त्यांचा हा राग मुलींच्या बाबतीतच जास्त कडक असतो. मुलगा रात्री दोनपर्यंत रील बघत असला तरी ‘लडका है, देखेगाच’ म्हणून सोडून दिले जाते. मुलीच्या हातात फोन दिसला की सगळ्या घराला घोर लागतो. हे फक्त मुसलमानांत आहे असेही नाही. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारले गेले. जवळपास ९० टक्क्यांच्या घरात स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यातल्या ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. म्हणजे ‘सगळ्यांसाठी खुला’ असलेला कोर्स घराच्या उंबरठ्याच्या आतच एकदा अडतो. तो भावाच्या खिशात असतो.

दुसऱ्या टोकाला भाषणबाज मंडळी आहेत. दहावी-बारावीच्या सत्कार समारंभात एखादे पाहुणे हमखास सांगतात, ‘आता हार्वर्ड तुमच्या खिशात आहे, फीचे रडगाणे बंद करा.’ टाळ्या पडतात. मला या टाळ्यांचा त्रास होतो, कारण ही घोषणा नवी नाही. ती जिथे जन्मली, तिथे तिची परीक्षाही होऊन गेली आहे. निकाल आपण वाचलेला नाही, इतकेच.

२००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम घेतला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले २,२०० च्या वर. ‘मूक’ हे नाव तेव्हाच पडले. मराठीत त्याचा अर्थ न बोलणारा असा होतो, हा निव्वळ योगायोग. पण तो पुढे आपल्याला उपयोगी पडेल. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोर्सला १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. २०१२ मध्ये कोर्सेरा, उडॅसिटी आणि एडएक्स उभे राहिले. जगातली विद्यापीठे आता ओस पडणार, गरिबाचे पोर अमेरिकेतल्या प्राध्यापकाकडून शिकणार, असा गजर झाला.

मग काय झाले? २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे सरकारी विद्यापीठाने उडॅसिटीबरोबर गणिताचे आणि संख्याशास्त्राचे कोर्स चालवून पाहिले. त्यात गणितात आधी मागे पडलेली मुले होती, हायस्कूलची मुले होती. पहिल्याच सत्रात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा इतके कमी निघाले की प्रयोग थांबवावा लागला. ज्यांच्यासाठी हे सगळे आहे असे सांगितले जात होते, नेमके तेच बुडाले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरील सहा वर्षांच्या अभ्यासक्रमांचा हिशेब आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र ४६ टक्के. नवे विद्यार्थी बहुतेक श्रीमंत देशांतलेच होते. आधी फुकट मिळणाऱ्या प्रमाणपत्रालाही काही वर्षांत दाम पडला होताच. २०२१ मध्ये एडएक्स ही संस्था एका कंपनीला ८० कोटी डॉलरना विकली गेली आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खिशातल्या हार्वर्डची ही कहाणी आहे.

कोणी म्हणेल, तीन टक्के तर तीन टक्के, फुकटात मिळाले ते काय वाईट? वाईट काहीच नाही. ते तीन टक्के कोण, एवढेच पाहा. ज्याच्याकडे आधीच पदवी आहे, इंग्रजी आहे, स्वतंत्र खोली आहे आणि अडले तर विचारायला ओळखीचा माणूस आहे, त्याला खुला कोर्स पुढे नेतो. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला तो आठ दिवसांत सोडून देतो. आणि वर दोषही त्याच्याच माथी, कारण दार तर उघडेच होते ना!

खरे तर ‘खुले शिक्षण’ हे महाराष्ट्राला कोणी अमेरिकेतून शिकवायची गरज नव्हती. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. घर सांभाळणाऱ्या बायका, कामगार, होमगार्ड, शाळा सुटलेले लोक तिथून पदवीधर झाले. त्या विद्यापीठाने पुस्तके पोस्टाने पाठवून हात झटकले नाहीत. तालुक्या-तालुक्यात अभ्यासकेंद्रे काढली. रविवारी तिथे शिक्षक असायचा, सोबतचे विद्यार्थी असायचे, अडलेले विचारता यायचे. एनपीटेलनेही आपल्या कोर्ससाठी कॉलेजांमध्ये स्थानिक केंद्रे आणि तिथे जबाबदार प्राध्यापक नेमण्याची पद्धत ठेवली आहे. ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांना कळले होते की पलीकडे कोणी तरी माणूस असावा लागतो. ‘मुक्त’मध्ये उत्तर देणारा असतो. ‘मूक’मध्ये नसतो.

हा माणूस नेमके काय करतो, ते माझ्याच विषयातून सांगते. उर्दू माध्यमातले मूल मराठी लिहिते तेव्हा ते ‘माझी पुस्तक’ लिहिते. कारण त्याच्या डोक्यात ‘मेरी किताब’ आहे. ‘पाणी गरम होता’ लिहिते, कारण घरात ‘पानी गरम था’ म्हणतात. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. यूट्यूबवर मराठी व्याकरणाचे चांगले पाठ आहेत, मी स्वतः मुलांना दाखवते. पण त्यातले बहुतेक पाठ मराठी घरातले मूल समोर धरून केलेले असतात. ‘ते पुस्तक’ हे त्या मुलाला सांगावेच लागत नाही. माझ्या वर्गातले मूल तो पाठ पाहते, मान डोलावते, ‘टीचर, समझ गया’ म्हणते आणि वहीत पुन्हा ‘माझी पुस्तक’ लिहिते. चूक कुठून आली हे ज्याला माहीत आहे, तोच ती दुरुस्त करू शकतो. त्यासाठी मुलाची वही पाहावी लागते, घरची बोली ठाऊक असावी लागते, आणि तेच वाक्य सातव्यांदा न चिडता सांगावे लागते. पाहून कळणे आणि करता येणे यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे शिक्षक उभा असतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे पुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा झाली. त्या कोडच्या आधीची गोष्ट मागे पडली. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. गुरुजी ती भाषा शिकले, मग त्यांनी मुलांना समजेल असे साहित्य केले आणि मग कोड आला. आपल्या व्यवस्थेने कोड तेवढा उचलला. भाषा शिकणारा गुरुजी छापखान्यात छापता येत नाही.

आता सोशल मीडियाबद्दल. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲप नसते तर माझ्या शाळेतली निम्मी मुले माझ्या नजरेआड झाली असती, हे मी कधी विसरणार नाही. आजही शिक्षकांच्या ग्रुपवर सराव प्रश्नपत्रिका फिरतात, एखादी लाजरी मुलगी वर्गात जे विचारत नाही ते रात्री ग्रुपवर विचारते. हे सगळे खरे. पण २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या मुलांना मागच्या आठवड्याबद्दल विचारले, तेव्हा अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरलेले ५७ टक्के निघाले आणि सोशल मीडियासाठी वापरलेले ७६ टक्के. फोन दिला म्हणजे शाळा दिली, असे समजणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत.

माझी खरी तक्रार वेळेपेक्षा सनदेबद्दल आहे. ‘सनद’ हा शब्द मराठीने अरबीतून घेतला. हदीसच्या अभ्यासात कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी तपासल्याशिवाय गोष्ट स्वीकारत नाहीत. जुन्या मदरशांच्या परंपरेत शागिर्दाला ‘इजाजत’ मिळायची ती उस्तादाकडून, नावानिशी : याने माझ्यापाशी बसून अमुक किताब वाचली, आता हा ती शिकवू शकतो. जबाबदारी घेणारा एक माणूस त्या कागदावर असे. ज्या समाजाची ही शिस्त होती, तो आज ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असे वर लिहिलेल्या मजकुरावर औषधे बदलतो, इतिहास शिकतो आणि मुलांचे करिअर ठरवतो. मला वर्गात मुले विचारतात, ‘टीचर, ये सच है क्या?’ मी म्हणते, आधी सांग, हे कोण म्हणाले? कोणालाच माहीत नसते. जिथे उस्तादाचे नाव नाही, तिथे चुकीची जबाबदारीही कोणाची नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की मी मुलींच्या घरी जाते, किंवा पालक शाळेत येतात. पूर्वी ते म्हणायचे, ‘टीचर, कॉलेज दूर है,’ ‘लोक काय म्हणतील,’ ‘रिश्ता आला आहे.’ यावर बोलता यायचे. बसची वेळ सांगता यायची, सोबत जाणाऱ्या दुसऱ्या मुलीचे नाव सांगता यायचे. आता नवे उत्तर आले आहे : ‘अब तो सब ऑनलाइन है ना, घर बैठे कर लेगी.’ या उत्तरावर बोलणे अवघड आहे, कारण ते नकारासारखे दिसत नाही. बाप स्वतःला पुढारलेला समजतो. मुलीला वाटते, आपले शिक्षण चालूच आहे. दोन महिन्यांनी कोर्स अर्धवट असतो. धाकट्या भावंडांचे करणे, पाहुण्यांचा चहा, आईचे गुडघे, हे सगळे ‘ती घरातच तर असते’ म्हणून तिच्याकडे आलेले असते. कॉलेजात बसलेल्या मुलीला कोणी भाकरी टाकायला उठवत नाही. घरात लेक्चर ऐकणारीला उठवतात.

शिवाय कॉलेज म्हणजे फक्त लेक्चर नसते. तिथे बसचा पास असतो, लायब्ररीचे कार्ड असते, एनएसएसचे शिबिर असते, ऑफिसच्या खिडकीत फॉर्मसाठी भांडायची सवय होते. डब्यात पुरणपोळी आणणारी मैत्रीण भेटते, आणि तिलाही प्रथमच एखादी मुसलमान मैत्रीण मिळते. या गोष्टींचा व्हिडिओ नसतो. ‘स्वयम्’च्या कोर्सचेसुद्धा प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा केंद्रावरच जावे लागते. म्हणजे ‘घरबसल्या’ही शेवटी घराबाहेर पडावेच लागते. ज्या मुलीला वर्षभर बाहेर पडू दिले नाही, तिला परीक्षेच्या दिवशी परगावी कोण सोडणार?

ही केवळ माझ्या मोहल्ल्याची रड नाही. २०२०-२१ हे वर्ष आठवा. सगळी कॉलेजे मोबाइलवर आली होती. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार त्या वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढून ४ कोटी १४ लाखांवर गेली. मुसलमान विद्यार्थी मात्र आदल्या वर्षीच्या तुलनेत १ लाख ७९ हजारांनी कमी झाले आणि त्यांचा वाटा ४.६ टक्क्यांवर आला. २०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के आहोत. त्या वर्षी रोजगार बुडाले, घरे खचली, हे कारण मोठेच होते. पण घरबसल्या शिक्षणाने गरीब समाज तरतो म्हणणाऱ्यांना ते एक वर्ष दाखवायला हवे. कॉलेजे उघडल्यावर, पुढच्या वर्षी हा आकडा पुन्हा २१ लाखांवर आला.

सरकारची गोष्ट वेगळी नाही. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. शिक्षकाची जागा रिकामी झाली की भरायला वर्षे लागतात, लिंक मात्र संध्याकाळी येते. नव्या नियमांनुसार ‘स्वयम्’वरून पदवीचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात, २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. ज्या कॉलेजात एखाद्या विषयाला प्राध्यापकच नाही, तिथे ही सोय मुलांच्या भल्याची आहे. पण हीच सोय प्राध्यापक कधीच न नेमण्याचे कारण बनू शकते, आणि ती आधी कोणत्या कॉलेजांत बनेल हे सांगायला ज्योतिषी नको. श्रीमंतांच्या मुलांना प्राध्यापक आणि वर व्हिडिओ. गरिबांच्या मुलांना प्राध्यापकाऐवजी व्हिडिओ.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. आपल्या गावागावांत शादीखाने आहेत. लग्नसराई सोडली तर बहुतेक दिवस कुलूप असते. संध्याकाळी दोन तास ते उघडा. वायफाय लावा, दहा-बारा खुर्च्या मांडा, एखाद्या निवृत्त शिक्षिकेला मानधन देऊन बसवा. ज्या मुली ऑनलाइन कोर्स करत आहेत, त्यांनी तो तिथे येऊन करावा, एकमेकींना विचारावे, अडले तर शिक्षिकेला विचारावे. जकातीतून गरजूंची फी भरणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. त्यांनी ‘स्वयम्’च्या परीक्षेचे शुल्क आणि केंद्रापर्यंतचा प्रवासखर्चही आपल्या यादीत घ्यावा. ज्यांना बोलता-लिहिता येते अशा शिक्षकांनी उर्दू घरातल्या मुलांसाठी मराठीचे पाठ करावेत, ‘माझी पुस्तक’ कुठून येते ते त्यात सांगावे. सरकारकडे मागणी करताना टॅब मागण्याआधी शिक्षक मागावा, बंद झालेली शिष्यवृत्ती मागावी. आणि मुलीला कोर्स करायचा असेल तर फोन तिच्या हातात द्यावा, भावाच्या परवानगीशिवाय.

कोर्स जरूर करा, कॉलेज करत करत करा. ज्यांचे कॉलेज खरोखरच सुटले आहे, त्यांनी तर करावाच. पण ज्या मुलीचे पाय धड आहेत, ज्या गावातून कॉलेजला बस जाते, तिथे मोबाइल दाखवून तिला घरी बसवू नका. आणि मोहल्ल्यातला कोणी पिता तुम्हाला अभिमानाने सांगू लागला की आता सगळे ऑनलाइन आहे, माझी मुलगी घरबसल्या शिकते आहे, तर त्याला अदबीने एवढेच विचारा : भाईसाहेब, मुलाचे ॲडमिशन कुठे घेतलेत?